गालावरची पाकळी

३ फेब्रुवारी
रचना आजही सातला आली. माझी एकुलती मुलगी, ठाण्याच्या एका हॉस्पिटलात डॉक्टर. ड्युटी चारला संपते. डोंबिवली पाऊण तासावर. विचारलं तर म्हणाली, ट्रॅफिक. मी संशयी नाही. फक्त वेळ लिहून ठेवते.
हॉलमध्ये पाच शेजारी तिची वाट बघत होते. बिल्डिंगमधल्या कुणालाही ‘उद्या दाखवू’ म्हणू द्यायचं नाही, हा माझा नियम. रचनाचे बाबा छातीत दुखत असताना तसंच म्हणाले होते. उद्या आला, ते नव्हते.
तळमजल्याच्या केशरबाई तेवढ्या बीपी दाखवायला येत नाहीत. गर्व.

५ फेब्रुवारी, सायं. ६.५०
रचनाच्या गालावर उशीची नक्षी उमटलेली. पाकळी. आमच्या उशा साध्या. निश्चय: विचारायचं नाही. जेवताना चारदाच विचारलं.

८ फेब्रुवारी
लायब्ररीतून ताणावरचं पुस्तक आणलं. डॉक्टर बायकांना घरी ऐकून घेणारं माणूस लागतं म्हणे. रोज अर्धा तास ऐकून घ्यायचं ठरवलं. आज तिला बोलायला जमलं नाही. मी पुस्तक वाचून दाखवत होते. मग शिवरामभाऊ गुडघा घेऊन आले.

१० फेब्रुवारी
ओढणीला बोंबलाचा वास. म्हणजे पुरुष आहे आणि स्वयंपाक येतो. जात विचारणार नाही. आडनाव फक्त.

१२ फेब्रुवारी
साडेचारपासून मीटरच्या पेटीआड उभी राहिले. पावणेपाचला रचना आली. जिना न चढता केशरबाईंकडे शिरली. थोड्या वेळानं मीही. ती कॉटवर झोपलेली, पाकळ्यांच्या उशीवर, पायात चपला तशाच. केशरबाई आवाज न करता बोंबील साफ करत होत्या.
“हळू, नीलाताई. मी तिला काही विचारत नाही, म्हणून ती येते.”
मी म्हटलं, माझी मुलगी आहे.
“हो ना. पण वर तुमचा दवाखाना आहे.”
रचना डोळे न उघडता म्हणाली, “आई, पाच मिनिटं. मग येते, बघते सगळ्यांना.”
मी पायऱ्यांवर बसून राहिले. तिचे बाबाही दमले की असेच चपलांसकट झोपायचे.

१३ फेब्रुवारी
दवाखाना बंद. रचना पाचला घरी आली, आपल्या खोलीत झोपली. मी दाराबाहेर खुर्ची टाकून पहाऱ्याला. साडेपाचला शिवरामभाऊ आले. परत पाठवलं, पण नीट समजावून. डॉक्टर बायकांचा ताण, पुस्तकासकट. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून जरा मोठ्यानं.
६.२०. रचना स्वतःची उशी घेऊन खाली गेली.