दुसरी बॅटरी घेऊन या

अहो,

दुपारी मुग्धा झोपलेली, घर चिडीचूप, आणि माझ्या हातात ‘टिंग’ वाजलं. तुमचा कॅमेरा सुरू झाला! बिघडला नव्हताच. बॅटरी टेकते त्या पट्ट्यांवर घाण साचली होती, ती कोरड्या फडक्यानं पुसली.

पारोळ्याच्या द्रौपदाअक्कांकडे आज त्यांच्या लेकीची, मेघाची हळद. अक्का फोनवर म्हणाल्या, “तूच ये व माय, बायास्मा माणूस नको.” बायकांच्या हळदीत शूटिंगला पुरुष नको म्हणे, मी हो म्हणून मोकळी झाले! हळद उडेल म्हणून कॅमेऱ्याला प्लास्टिकची पिशवी बांधलीय. पट्टा मनगटातच ठेवीन, आणि पडद्यावर रेकॉर्डिंगचा लाल टिपका दिसल्याशिवाय सुरुवात नाही. शिंदखेड्याच्या लग्नात तुमच्याकडून बटण उलटसुलट दाबलं गेलं, वरमाला राहिली नि नुसत्या चपला आल्या. अहो, कुणाच्याही हातून झालं असतं. त्यासाठी कॅमेरा कपाटात कोंडायचा?

दुसरी बॅटरी चार्जिंगला आहे. हिरवा दिवा लागला की काढा, ओल्या हातानं नको, आणि संध्याकाळी अक्कांकडे घेऊन या. उद्याचं लग्न तुम्हीच शूट करणार, असं अक्कांना सांगूनही टाकलंय.

रिक्षा आली. मुग्धा दारातून विचारतेय, “मम्मी, पप्पा येतील ना?”

रूपा