होडीवालीची लेक

११ जानेवारी

फालतू. फालतू. फालतू. दीड वर्ष ताटकळत ठेवलं आणि हे वाढलं पानात!

'सातबेट' खेळाचा नवा भाग सकाळी फोनवर उतरवून घेतला, रजई पांघरून एका बैठकीत खेळले, आणि आता डोकं फिरलंय माझं. होडीवाली मेली. कशी? कुठूनतरी एक बाण आला, ती पाण्यात पडली, मागे व्हायोलिन वाजलं, खेळ खलास. पहिल्या भागापासून ती बाई हरवलेल्या लेकीला शोधतेय. तिच्या होडीत बसून आम्ही बेटामागून बेट पालथं घातलं. आणि आता म्हणे लेक नव्हतीच कधी, बाईला भास व्हायचे. लिहिणाऱ्याला आई नाही का?

बरं, खेळ तरी? आधी वल्हं स्वतः मारायला लागायचं, प्रवाह बघून. आता एक बटण. दाबा आणि बसा. वाटेत कंदील गोळा करा. कंदील कशाला, तर आणखी कंदील मिळावेत म्हणून. हे तर मी इथे दिल्लीत मंत्रालयात रोजच करते, फायली घेऊन.

पण सगळ्यात वाईट आईचं वाटलं. नांदेडहून आल्यापासून ती रोज संध्याकाळी माझ्या मागे खुर्ची टाकून बसते. खेळातलं काही कळत नाही, पण विचारणार मात्र रोज — "सापडली का गं तिची पोरगी?" आज सांगितलं तिला, नाही सापडली, आणि बाईही गेली. तिने ऐकलं, स्वेटरच्या बाह्या खाली ओढल्या आणि कुकर लावायला उठली.

१२ जानेवारी

आई म्हणाली, "माझं नांदेडचं तिकीट बघ एखादं. सचखंड गाडीचं."

१३ जानेवारी

नाही जाऊ देणार. बाबा गेल्यावर मीच हट्टाने तिला इथे आणलं. नांदेडला त्या रिकाम्या घरात करणार काय ती? इथे निदान मी आहे. हं, मी सातला घरी येते हे खरं. लक्ष्मीबाई नगरात आमच्या शेजारी एकीकडे तमिळ कुटुंब, दुसरीकडे ओडिया, आणि आईची हिंदी "भैया, कितने का" च्या पुढे सरकत नाही. नांदेडच्या बुद्धविहारातल्या बायकांचे फोन येतात तिला दिवसभर. दया येत असणार त्यांना.

तिकीट काढलं, पण १८ फेब्रुवारीचं. "त्याआधीचं सगळं वेटिंग आहे," म्हणून ठोकून दिलं. तोवर काहीतरी सुचेल. तिला इथे रमवायचंच.

१४ जानेवारी

आजचा दिवस सोन्याने मढवून ठेवावा असा.

संध्याकाळी आमच्या टोळीची बैठक झाली, खेळातल्याच घाटावर. टोळी म्हणजे गब्बू, फिरकी, कोहरा आणि मी. खरी नावं-गावं कुणी कुणाला विचारायची नाहीत हा पहिल्यापासूनचा नियम. गब्बू म्हणाली, "डिलीट मारो यार, बहुत हो गया." फिरकीचंही तेच. हे तिघं गेले तर संध्याकाळी सातनंतर मी बोलू कुणाशी?

हेडफोन बिघडलाय, म्हणून सगळं स्पीकरवर चाललेलं. मागे आई मटार सोलत होती. कोहरा गोष्टीतली भोकं मोजत होता, अगदी शुद्ध हिंदीत, "देखिए, पहली बात तो यह है" वगैरे. तीन वर्षं मी त्याला लखनौचा समजत आलेय. बोलता बोलता त्याचा पारा चढला आणि तोंडातून निघालं — "अरे, पार पानिपत केलं की गोष्टीचं!"

गब्बू हळूच म्हणाली, "पानीपत में क्या हुआ, भाई?"

मागे मटारची परात खाली आदळली. "अगं माय! हा तर आपला माणूस!"

तीन वर्षं! तीन वर्षं मी ह्या माणसाला "आप लेफ्ट से आइए" म्हणतेय आणि तो मला "जी, बिल्कुल." नाव हेरंब, घर सांगलीचं, नोकरी गुरुग्रामला. मी म्हटलं, "मराठी आहात तर बोलला का नाहीत कधी?" तो म्हणाला, "तुम्ही तरी कुठे बोललात? मी तुम्हाला रोहतकची समजत होतो." रोहतकची! मी!

आई तोवर माझ्या खांद्यावरून फोनवर वाकली होती. "जेवलास का रे, लेकरा?"

तो जेवला नव्हता. मग पुढचा अर्धा तास तो काय खातो, डबा लावलाय की कसं, ह्यावर चर्चा. गब्बू आणि फिरकी बिचारे ऐकत बसले. शेवटी आईने सगळ्यांना "जय भीम" म्हटलं, तर दोघं एका सुरात, "जय भीम, आंटी जी!"

१७ जानेवारी

आईला राहवत नाहीये. आज माइकमध्ये सरळ म्हणाली, "मेली बिली नाही ती होडीवाली. सगळा जन्म नदीवर गेला बाईचा. पाण्यात पडली तर पोहून निघणार नाही का?"

हेरंबने हिंदीत सांगितलं. खरंच की! एवढी साधी गोष्ट त्या कंपनीत कुणाच्या डोक्यात आली नाही.

फिरकी म्हणाला, "आंटी, फिर?"

आई ताठ बसली. "सांगते. पण हूं म्हणायला पाहिजे. हूं नाही तर गोष्ट नाही." लहानपणी मलाही अशीच अडवायची. हूं म्हणता म्हणता झोप लागली की गोष्ट तिथेच थांबायची, सकाळी पुन्हा थोडी मागून सुरू.

आता सगळे एकदम हूं म्हणायला लागले की आईचंच ऐकू येईना. गब्बूने तोड काढली — माइक बंद ठेवायचे आणि हूंच्या जागी एकेक कंदील वर करायचा. त्या निरुपयोगी कंदिलांचा शेवटी उपयोग झाला! आईचं वाक्य, हेरंबची हिंदी, आणि घाटावर चार कंदील वर. आई हसायला लागली. बाबा गेल्यापासून अशी हसलेली मी पाहिली नव्हती.

२६ जानेवारी

सुट्टी. घाटावर आज अनोळखी लोकही आले होते, कुणीतरी कुणालातरी सांगितलं असणार. होड्यांवर होड्या. बटण कुणीच दाबत नाही आता, सगळे एकमेकांच्या होड्या ढकलत येतात, आदळतात, भांडतात, मजा. आई म्हणाली, "होडीवाली तिसऱ्या बेटावर पोचली," आणि अख्खा घाट उजळला.

आई स्वयंपाकघरात पुटपुटत पुढची गोष्ट जुळवते हल्ली. भाजी दोनदा खारट झाली. बोलायची सोय नाही.

१ फेब्रुवारी

आईने नियमच मोडला. टोळीला परस्पर जेवायला बोलावलं, पत्ता देऊन! मला सकाळी कळलं. घर आवरता आवरता मी तिच्यावर ओरडले. ती म्हणाली, "तुझ्या दारात रविवारचं कुणी येत नाही. मला बरं नाही दिसत."

आले तिघंही. गब्बू म्हणजे नोएडाची दातांची डॉक्टर, दारातूनच हसत आली. फिरकी हे फरीदाबादचे बँकेतले काका, आमच्या बाबांच्या वयाचे! आणि मी त्यांना तीन वर्षं "अबे फिरकी" म्हणतेय. हेरंब उंच आहे. चष्मा आहे. बरा आहे. एवढंच.

ज्वारीच्या भाकरी, वांगं, ठेचा. काकांना हळू घ्या म्हटलं होतं, पण त्यांनी ठेच्याचा घासच घेतला. मग थंडीत बाल्कनीत उभे, तोंड उघडं टाकून. आई गुळाचा खडा घेऊन त्यांच्यामागे.

जाताना हेरंब म्हणाला, "पुढच्या रविवारी भांडी मी घासतो." पुढचा रविवार त्याने गृहीतच धरला! धरू दे.

९ फेब्रुवारी

तिकिटाची तारीख जवळ आली. मी म्हटलं, "आई, गोष्ट जरा लांबव ना. दहा बेटं कर."

"लांबवली की विटते गं."

"मग तिकीट रद्द करू?"

कणीक मळत राहिली. नको तरी नाही म्हणाली. म्हणजे अर्धं काम झालं!

१५ फेब्रुवारी

गोष्ट संपली. लेक सापडली.

सातव्या बेटावर एकटीच राहत होती. चांगली धडधाकट, पण बेटावर दुसरं माणूस नाही. होडीवाली तिच्याजवळ राहिली. रोज घाटावर चूल पेटवायची, येणाऱ्याजाणाऱ्या होड्यांना हाक मारून जेवायला बसवायची. हळूहळू लोक थांबायला लागले, घरं झाली, बेटाचं गाव झालं. मग एका सकाळी होडीवालीने होडी सोडली आणि आपल्या नदीवर परत गेली.

एवढे कंदील मी कधी पाहिले नव्हते. गब्बू ढसाढसा रडत होती, माइक चालूच. मला मात्र राग आला. एवढं शोधून लेकीला तिथेच सोडलं? आईला म्हटलं, "घेऊन का नाही गेली तिला?"

"तिचं गाव वसलंय की आता," आई म्हणाली. "आणि होडीवालीला तिची नदी आहे."

पटलं नाही मला. उद्या तिकिटाचं पुन्हा विचारते.

१८ फेब्रुवारी

गेली. टोळी आली होती स्टेशनवर, तिघंही. डब्याच्या दारात उभ्या आईला मी शेवटचं म्हटलं, "उतर ना गं. तिथे एकटी कशी राहशील?"

"मी कुठली एकटी? विहारातल्या बाया रोज विचारायल्यात, कधी येतेस म्हणून. करमत नव्हतं ते तुला, लुंबिनी. म्हणून तर आले होते मी."

गाडी हलली.

"हूं म्हण की," आई ओरडली.

मी कंदिलासारखा नुसता हात वर केला. मागून तिघांनी म्हटलं.