नवजीवन गायन पार्टीचा मुख्य गायक

१० फेब्रुवारी १९५७
आज बाभुळगावात नवजीवन गायन पार्टी स्थापन झाली. मेंबर चार. पेटीवर कवडू, ढोलकीवर नत्थू, कोरसला धर्मपाल. मुख्य गायक आणि मॅनेजर मी, देवराव. धर्मपालचा आवाज बरा आहे, पण पर्सनॅलिटी नाही.
संकल्प: रोज पहाटे रियाज. दही बंद. दोन वर्षांत नागपूर रेडिओ.
बाबांची एकच अट. ऑक्टोबरात नागपूरहून दीक्षा घेऊन आल्यावर त्यांनी घरातलं डफडं विळ्यानं फाडलं आणि कडं चुलीत घातलं. तीस वर्षं गावाच्या लग्नांत, मिरवणुकांत तेच वाजवलं होतं. आज म्हणाले, गाणं खुशाल म्हणा, पण कोणाच्या वरातीपुढं वाजवायचं नाही. चौघांनी वचन दिलं. मला हसूच आलं. कलाकाराला असलं सांगावं लागतं का?

११ फेब्रुवारी
थंडी फार. रियाज उद्यापासून.

१४ एप्रिल
जयंतीचा प्रोग्राम. चौघांना एकाच ताग्यातले गुलाबी बुशशर्ट. माझ्या कॉलरला पायपिंग. माझी पाच गाणी झाली, धर्मपालचं एक. त्याला तीनदा वन्समोअर. पब्लिक मी तापवून ठेवलं होतं, फायदा त्याला झाला. माझ्या तिसऱ्या गाण्याला बरेच लोक पाणी प्यायला गेले. ऊन होतं.
धाकटी बहीण सत्यशीला म्हणाली, दादा, तू मधेमधे थांबतोस तेव्हा छान वाटतं. चला, माझा पॉज कोणाला तरी कळला.

२ जून
फुलसावंगीहून आमंत्रण. पत्र धर्मपालच्या नावानं. पोस्टाचा घोळ.

२० डिसेंबर
वर्षात चार गावं केली. चारही पत्रं धर्मपालच्या नावानं. पोस्टावर किती दिवस ढकलणार? मीटिंग घेतली. ठराव केला की यापुढं धर्मपालनं एकच कडवं म्हणावं. तो हो म्हणाला. त्याला राग येत नाही, हाच त्याचा दोष. घरी आल्यावर मला थोडं रडू आलं. सर्दी झाली असावी. दही खाल्लं होतं.

१५ एप्रिल १९५८
काल जयंती झाली. आम्हाला बोलावणं नव्हतं. एका कडव्याचा धर्मपाल नको, म्हणाले. लोकांना शिस्त कळत नाही.

२७ एप्रिल
अखेर माझ्या नावाचं पत्र! 'देवराव पुंडलिकराव, बाभुळगाव' असं चक्क लिहिलंय. ढाणकीच्या एका व्यापाऱ्याकडे ९ मे रोजी लग्न आहे. मुनीम लिहितो, वरातीपुढं वाजवायला चार जण या, डफडी इथं मिळतील, तुझ्या बापाचं वाजवणं इकडे अजून आठवतात.
तीनदा वाचलं. हा एक प्रकारचा चालता स्टेजच म्हणायचा. मोठ्या शहरांत हीच फॅशन निघाली असणार. तिथं पोचल्यावर गाण्याचा विषय काढता येईल. पार्टीतल्या पोरांना तपशील सांगितला नाही. मॅनेजरनं सगळं सांगत बसू नये. बाबांना म्हटलं, जाहीर कार्यक्रम आहे. खोटं काय त्यात? वरात जाहीरच असते.

१० मे, परतीच्या मोटारीत
काल ढाणकीला चारच्या सुमारास पोचलो. स्टेज नव्हता. मंडप होता, घोडा होता आणि भिंतीला टेकवलेली चार डफडी. मुनीम म्हणाला, चला, शेकायला घ्या.
धर्मपालनं मला बाजूला घेतलं. "देवराव, तुले हे माहीत होतं काय?"
मी नाही म्हणालो. पत्र माझ्या वरच्या खिशात होतं. ते त्याला दिसलं. तरी तो म्हणाला, "तू बी चाल. मोटार भेटते अजून."
मी म्हटलं, शब्द म्हणजे शब्द. तिघं पेटी-ढोलकी घेऊन चालते झाले.
मी एकटाच उरलो. डफडं जाळावर शेकून कातडं ताणलं, गळ्यात घातलं. लहानपणी बाबांनी शिकवलेलं सगळं हातांना आठवत होतं. लोक घराघरांतून बाहेर आले. पाणी प्यायला कोणी गेलं नाही. एक म्हातारा म्हणाला, हात पुंडलिकाचाच आहे. चौकात पुन्हा वाजवायला लावलं. माझा पहिला वन्समोअर. एवढा आनंद मला आयुष्यात झाला नव्हता.
गाण्याचा विषय राहून गेला. जेवायला मंडपाबाहेर बसवलं. बाहेर हवा चांगली होती.

१२ मे
पार्टीची मीटिंग माझ्याशिवाय झाली. पेटी कवडूची, ढोलकी नत्थूची, गळा धर्मपालचा. शर्ट परत करा म्हणून मी निरोप पाठवला होता. तिघांनीही धुऊन, घडी घालून पाठवले. मी नवीन पार्टी काढणार.

१८ मे
बाबा आठ दिवस बोलले नाहीत. आज मीच म्हटलं, ढाणकीत लोक म्हणत होते, हात तुमच्यासारखा आहे. वाटलं, खूश होतील.
"माहा हात तुह्याहून चांगला होता," ते म्हणाले. "तरी सोडलं."
माय म्हणाली, जेव आणि बाहेर जा.

४ जून, सकाळी नऊ
पाटलाचा माणूस आला. दीक्षेनंतर तो आमच्या दाराकडे फिरकला नव्हता. अंगणातूनच बाबांना म्हणाला, तुझा पोरगा ढाणकीत वाजवून आला, म्हणजे तुम्ही लोकांनी परत सुरू केलं म्हणायचं. परवा पाटलाकडे लग्न आहे, दोघं बापलेक या, वस्तीतले आणखी दोघं आणा.
बाबा म्हणाले, "इथं वाजवणारा कोणी राह्यत नाही."
मी आत भांग पाडत होतो. उत्तर मला पटलं. मी गायक आहे.
मग बाबा आत आले. माझी ट्रंक उचलून त्यांनी अंगणाबाहेर, रस्त्यावर नेऊन ठेवली. बोललेलं खोटं पडू नये म्हणून. सत्यशीलानं दार लावून घेतलं.

साडेदहा
ट्रंकेवर बसून लिहितो आहे. मघाशी धर्मपालच्या घरावरून जाऊन आलो. आत तिघांचा रियाज चालला होता. मी दारात दोनदा खाकरलो. पेटी थांबली नाही.
पाटलाचा माणूस अजून लिंबाखाली बिडी ओढत उभा आहे. माझं नाव त्यानं विचारलं नाही. येतोस का, एवढंच विचारलं.
मी त्याला जरा थांब म्हणालो आहे.