शेवटच्या झाडापर्यंत पाणी

मी, लिंबाच्या बागेचा मालक आणि एके काळचा संस्कृतचा मास्तर, पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या मर्जीने हे लिहून ठेवतो. माझ्यावर कुणाचा दाब नाही. दाब फक्त ठिबकच्या नळ्यांत आहे. प्रकृती उत्तम असल्यामुळे कुणी घाई करू नये.

राहतं घर आणि बँकेतली शिल्लक पत्नीला. संस्कृतची पुस्तकंही तिलाच. त्यांच्यावर ती वर्षानुवर्षं इस्त्री ठेवते, ताबा सिद्धच आहे.

बाग, पंपघर आणि दोन्ही फिल्टर पुतणीला, म्हणजे धाकट्या भावाच्या मुलीला. भावाला नाही. कारण लिहिणं भाग आहे, नाहीतर दादाने डावललं असं तो घरोघर सांगेल.

आमच्या ठिबकला सांडपाणी शुद्धीकरण केंद्राचं पाणी येतं. दिसतं नितळ, पण नळीत बुळबुळीत थर धरतो आणि ड्रिपर, म्हणजे थेंब सोडणारी तोंडं, तुंबतात. भावाचा उपाय टाचणी. टोचून टोचून त्याने भोकं एवढी मोठी केली की पंपाजवळची झाडं पोहू लागली आणि शेवटची ओळ वाळली.

"दादा, पाणी पडतंय ना? मग झालं तर!"

यावर पुतणी म्हणाली, "बाबा, पंपाजवळ उभं राहून काय कळणार? टोकाला या ना." माझा निर्णय तिथेच झाला.

तिने फिल्टरच्या अलीकडचा-पलीकडचा दाब बघावा; फरक वाढला की फिल्टर उलट्या दिशेने पाणी सोडून धुवावा. नळ्यांची टोकं नेमाने उघडावीत, स्वच्छ पाणी येईपर्यंत. चिकट थराला क्लोरीन, क्षारांना आम्ल. दोन्ही कधीही एकत्र करू नयेत. विषारी वायू होतो, आणि मग तिलाही असाच कागद करावा लागेल.

हे सारं यावच्चंद्रदिवाकरौ चालेल असा माझा दावा नाही. तिच्या हयातीत चालेल, याची मात्र खात्री आहे.

भावाला माझा हट्टी स्वभाव दिला असता, पण तो त्याच्याकडे आधीच मुबलक आहे.

सहीच्या वेळची नोंद: ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये, असं वकीलबाईंनी सांगितलं. भावाने मजकूर पुन्हा वाचला.

"म्हणजे मला खरंच काही नाही?"

"नाही रे."

"आणि पोरीला सगळी बाग?"

"सगळी."

त्याने कागद मांडीवर सरळ केला. मग म्हणाला, "आण इकडे पेन."

लिहून देणार: (सही)

साक्षीदार:
१. धाकटा भाऊ (सही). सोबत त्याच्याच अक्षरात: "मजकूर मान्य. नव्या मालकीणबाईंनी कामावर ठेवलं तर येईन."
२. शुद्धीकरण केंद्राचे ऑपरेटर (सही)

ठिकाण: पंपघराचा ओटा
दिनांक: चौदा फेब्रुवारी, सकाळी