घुबडगडातले चौसष्ट ‘तुम्ही’

गांधीबाग, नागपूर
११ ऑगस्ट १९८४

तीर्थस्वरूप सौ. चारुशीलाताईंच्या चरणी धाकट्या श्रीधरचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग हा लिहिण्यापुरता. परवा कमरेत उसण भरल्यापासून आठांपैकी पाचच अंगे जमिनीला टेकतात; उरलेली तीन पोचली असे समजावे.) इकडे सर्व क्षेम. भाऊजींच्या दम्याला यंदाचा पावसाळा मानवला का, हे विचारणार होतो. पण गेल्या सहा वर्षांत तुमच्याकडून एकाही पत्राचे उत्तर नाही, तेव्हा दमा बरा आहे असे धरून पुढे जातो. आज राखीपौर्णिमा आहे हा निव्वळ योगायोग. पेन आजच सापडले.

तुम्हाला ‘तुम्ही’ लिहिताना हात अडखळतो आहे. जन्मभर ‘तू’ म्हणालो. पण अबोला धरलेल्या माणसाला एकेरीत हाक मारू नये, असे प्रेमिलाचे मत पडले. (ती तुमची बाजू घेते. तिचे लग्न माझ्याशी झाले आहे, याची तिला अधूनमधून आठवण करून द्यावी लागते.) तेव्हा हे पत्र समेटाचे नाही, हे आधीच सांगून टाकतो. तुम्ही हिंगणघाटच्या कन्याशाळेत वीस वर्षे व्याकरण शिकवता, आणि मला व्याकरणाची एक अडचण आहे, एवढेच. ती सुटली नाही तर आमचा घुबडगड या महिनाअखेरीस कायमचा बंद होणार आहे.

घुबडगड म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको, पण हे पत्र भाऊजीही वाचणार म्हणून सांगतो. एकोणसाठ साली तुम्ही धंतोलीच्या दवाखान्यात पाय प्लास्टरमध्ये टांगून तीन महिने पडून होतात. तुम्ही सतरा वर्षांच्या, मी चौदाचा. मी शाळा सुटली की वहीचे कागद फाडून चिठ्ठ्या लिहून आणायचो. ‘तू दार उघडतेस. आत दोन वाटा आहेत. डावीकडे जायचे तर चिठ्ठी बावीस घे, उजवीकडे जायचे तर एकतीस.’ मग तुम्ही पांघरुणावर कवड्या टाकायच्या आणि टांगलेल्या पायानिशी घोंगड्या राक्षसाला लोळवायचे. हाच घुबडगड. खेळ एकट्याचा होता, कारण त्या खाटेवर दुसऱ्याला जागाच नव्हती.

पुढे मी वामनरावांच्या छापखान्यात मुद्रिते तपासू लागलो. त्यांच्या हाती त्या चिठ्ठ्या पडल्या आणि अठ्ठ्याहत्तर साली पहिली पुस्तिका निघाली. वामनरावांचे म्हणणे, हे पोरेच घेतील, पोरी काही राक्षसाच्या वाटेला जात नाहीत. म्हणून ‘उघडतेस’चे ‘उघडतोस’ झाले. पहिली प्रत तुम्हाला पाठवली. ती आठव्या दिवशी परत आली. पहिल्या पानावरच्या ‘तोस’मधल्या कान्याभोवती लाल पेन्सिलीचे गोल, बाकी अक्षर नाही. तेव्हापासून राखी नाही, पत्र नाही, प्रेमिलाच्या भावाच्या लग्नात समोरासमोर आलो तर तुम्ही मठ्ठ्याच्या पातेल्याकडे पाहत राहिलात. एक काना वाढला आणि बहीण गेली. मला फार वाईट वाटले. पण आम्ही मुद्रितशोधक. आमच्यात चूक दाखवली की दुरुस्त करतात, माफी मागायची पद्धत नाही. आणि तोवर पुस्तिका छापून झाली होती.

तर चार पुस्तिका निघाल्या आणि भंडाऱ्यापासून बुलडाण्यापर्यंत गेल्या. लोक कळवू लागले: मी गड जिंकला, आता काय करू? काटोलचे एक निवृत्त मास्तर तर नऊ वेळा जिंकले आणि दर वेळी पोस्टकार्ड टाकले. ती चळत बघून एके दिवशी वामनराव हळवे झाले. म्हणाले, “श्रीधर, इतके लोक एकाच गडात एकेकटे फिरून राहिले, अन एकमेकाले दिसून नाही राहिले! हे काही बरं नोहे गा.” म्हणून सर्वांना एकाच गडात एकदम सोडायचे ठरले. दर पंधरवड्याला प्रत्येकाने आपली चाल पोस्टकार्डावर कळवायची, मी सगळी कार्डे वाचून गडात काय काय झाले ते लिहायचे, आणि तो छापील कागद घरोघर जायचा. चौसष्ट जणांनी नावे दिली. मजकूर जुनाच घ्यायचा होता, फक्त एकवचनाचे अनेकवचन करायचे. मी दोन दिवस बसून जिथे जिथे ‘तू’ होते तिथे तिथे ‘तुम्ही’ केले. इथेच माती खाल्ली.

पहिल्या डाकेला देवडीतली तलवार एक्केचाळीस जणांनी उचलली. पुस्तिकेत ती तलवार ज्याच्या त्याच्यासाठी तिथे असायची, पण आता तलवार एक आणि हात एक्केचाळीस. मी ती ज्याचे कार्ड आधी आले त्या उमरेडच्या गृहस्थाला दिली. त्यावर चाळीस जणांनी पोस्टखात्याविरुद्ध तक्रारी केल्या. वामनराव म्हणाले, तलवारीचे पीक येते असे लिहून टाक. लिहिले. दुसऱ्या डाकेला घोंगड्या राक्षस एकतीस वेळा मेला. तो दर सोमवारी उठून बसतो, असे कळवावे लागले. (काटोलच्या मास्तरांनी विचारले की मग तेरवी शेवटच्या मरणापासून धरायची की पहिल्या? मी उत्तर दिलेले नाही.)

तिसऱ्या डाकेनंतर वाडीच्या ट्रान्सपोर्ट गोदामातले चंपतराव स्वतः छापखान्यात आले. धुवट धोतर, डोक्यावर टोपी, बरोबर दोन वडीलधारी माणसे. राजकन्येची बोलणी करायला आले होते. घरी सुखाचा संसार आहे, नातवंडे आहेत. पण कागदावर ‘तुम्ही राजकन्येस वरता’ असे छापले होते, आणि छापील शब्दाला मान द्यावा या विचाराचे गृहस्थ. त्या दिवसापर्यंत राजकन्येला एकोणीस जणांनी वरले होते, हे त्यांना कोणी सांगायचे? वामनराव लगेच माझ्याकडे बोट दाखवून चहा सांगायला बाहेर गेले.

चंपतरावांनी कागदावर बोट ठेवले. “हे ‘तुम्ही’ म्हंजे मीच ना?”

मी म्हणालो, नाही हो, तुम्ही म्हणजे सगळेच.

त्यांनी कागदावरचे बोट उचलले. मग म्हणाले, “सगळे? असं काहून केलं जी? तीस वर्षं झाली गोदामात, सारे मले ‘ए चंपत’ म्हणतेत. मले वाटलं, कागद मले इज्जत देऊन राहिला.”

ताई, तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी चौसष्ट जणांना मिळून एक ‘तुम्ही’ लिहिला होता, आणि चौसष्ट जणांनी तो आपापल्या घरी एकट्यासाठी ठेवून घेतला होता. कोणाला वाटलेच नाही की गडात दुसरेही कोणी आहे. उलट जो तो म्हणे, पुस्तिकेपेक्षा या कागदाची भाषा किती अदबीची! चंपतरावांना मी चहा पाजला, दोन्ही वडीलधाऱ्यांना पाजला, आणि त्यांना गडाचे किल्लेदार करून टाकले. आता त्यांच्या सहीशिवाय राक्षस उठत नाही. जाताना मात्र ते मला ‘श्रीधरराव’ म्हणून गेले आणि मला उगाच अपराध्यासारखे वाटले.

या सगळ्या गोंधळात वणीचे एक सी. देशकर तेवढे निराळे. यांना तलवार नको, राजकन्या नको. सहा पंधरवडे झाले, दर कार्डावर एकच ओळ: ‘मी विहिरीपाशी बसून आहे.’ वामनराव वैतागले आहेत. माणूस बसून राहणार असेल तर घरीच बसावे, त्यासाठी गडात कशाला यायचे, असे ते म्हणतात. तेही बरोबरच आहे.

तर अडचण ही. ‘तू’ लिहावे तर प्रत्येकाला वाटते आपण एकटेच, ‘तुम्ही’ लिहावे तरी तेच. ‘आपण’ लिहून पाहिले तर लग्नपत्रिका वाचल्यासारखे होते. पुष्कळ माणसे आहेत आणि तरी प्रत्येकाला नीट हाक मारली आहे, असा एखादा शब्द मराठीत असल्यास कळवावा. नसल्यास तसेही कळवावे, म्हणजे महिनाअखेरीस कुलूप लावतो. भाऊजींस नमस्कार, मुलांना आशीर्वाद. कमरेमुळे अधिक लिहवत नाही.

आपला आज्ञाधारक,
श्रीधर

ता. क. कमरेला काहीही झालेले नाही. पत्राला सुरुवात कशी करावी ते सुचत नव्हते.

ता. क. दुसरा. काल वणीच्या देशकरांचे सातवे कार्ड आले: ‘विहिरीच्या सातव्या पायरीखालची खुंटी मी डावीकडे फिरवली.’ चारही पुस्तिकांत ती खुंटी नाही. ती मी छापायला दिलीच नाही. धंतोलीत खाट वर-खाली करायची मूठ होती, तिच्यावरून ती सुचली होती, आणि ती दोनच माणसांना ठाऊक आहे. मग सातही कार्डे पुन्हा काढून तपासली. ‘बसून आहे’, ‘फिरवली’. बाई की पुरुष ते कळेल असे एक क्रियापद सापडू दिलेले नाही. इतके सावध मराठी हिंगणघाटच्या कन्याशाळेबाहेर कोणी लिहीत नाही. शिवाय वणीला तुझी नणंद राहते.

ता. क. तिसरा. व्याकरणाची अडचण खरी आहे, पण ती नसती तरी दुसरी काढली असती. सहा पंधरवडे तू विहिरीपाशी बसून होतीस आणि मी तुला ‘गृहस्थ’ समजत होतो. माझे चुकले, ताई. तेव्हाही चुकले होते. खुंटी फिरवल्यावर जे दार उघडते त्याच्या आत काय दिसते, ते मी कधी लिहिलेच नाही. खुंटीची चिठ्ठी आणली त्याच्या दुसऱ्याच दिवशी तुझे प्लास्टर काढले आणि तू घरी आलीस. पंचवीस वर्षे ते दार तसेच आहे. सोबत एक चिठ्ठी जोडली आहे, हाताने लिहिलेली, एकच प्रत, बाकी त्रेसष्ट जणांना पाठवलेली नाही. वर एक ओळ आहे, खाली जागा मोकळी सोडली आहे. पुढचे तू लिही. ओळ अशी: ‘तू दार उघडतेस.’ ‘दार’चा सोडला तर काना कुठेही नाही. लाल पेन्सिल घेऊन तपासून पाहा.