दोर कापलेला नव्हता

॥ बिरोबा प्रसन्न ॥
मंद्रूप, ११ मे २०२५

चि. विजयमाला हिस, दादाचे अ. उ. आशीर्वाद.

फोनवर हा विषय निघाला की आई फोन काढून घेते, म्हणून लिहितोय. तू जेवत जा. आप्पांच्या दिवसाला आलीस तेव्हा मथुराआत्या विचारत होती, पोरगी पुण्यात संशोधन करते की उपास?

आप्पांचा पाय शेततळ्याच्या प्लास्टिकच्या कागदावरून घसरला, वर यायला बांधलेला नायलॉनचा दोर त्यांनी धरला आणि तो तुटून ते बुडाले, एवढं तुला माहीत आहे. आई म्हणते, तुटला नाही, आपल्या चुलत्याच्या धुळाप्पानं आधीच कापून ठेवला. पाण्यावरून त्याचं आणि आप्पांचं वाजलं होतं, आणि त्यांना बाहेर काढायलाही तोच पहिला पोचला. पोलिसांनी त्याला विचारपूस करून सोडलं. पण परवा मामा आले आणि त्याला मेंढरांच्या वाड्यातच धरून मारलं. सोलापूरच्या दवाखान्यात आहे. एका डोळ्याचं काही खरं नाही.

पोलिसांनी परत दिलेल्या दोराचं तुटकं टोक आणि खुंटाजवळची गाठ पाठवतोय. कापला की तुटला, एवढं सांग. कापला असेल तर तेही लिही.

दादावरची माया आहे तशी राहू दे.
तुझा,
जोतिराम


पुणे, २ जून २०२५

ती. दादास, विजयमालाचा शि. सा. नमस्कार.

पाकीट पोचलं. पहिले दोन दिवस उघडवेना. आप्पांचे हात शेवटचे त्या दोरालाच लागले होते.

आधी सूक्ष्मदर्शकाखाली टोक पाहिलं. पात्यानं कापलं असतं तर धागे एका रेषेत दिसले असते. इथे प्रत्येक धागा निराळ्या जागी तडकलाय. मग धाग्याचा पातळ काप आमच्या प्रयोगशाळेतल्या मशीनखाली ठेवला. त्यात डोळ्यांना न दिसणारं टोक असलेली सुई असते. ती धाग्याला हलकेच दाबते आणि किती आत गेली यावरून तिथला कडकपणा कळतो. आपण आंबा दाबून बघतो तसंच, फक्त केसाच्या जाडीत हजारो जागा मावतील इतक्या बारीक ठिकाणी.

गाठीत झाकलेला धागा अजून लवचीक आहे. उघड्या धाग्याची बाहेरची साल उन्हानं कडक, ठिसूळ झालीय आणि तिच्या भेगा आतवर उतरल्यात. तुटल्या जागीच नव्हे, तपासलं तिथे सगळीकडे. वरून दोर चांगला दिसत असेल, पण माणसाचं वजन त्याला पेलणार नव्हतं.

दादा, दोर कापलेला नव्हता. आईला वाचून दाखव, धुळाप्पादादालाही. आणि शिवारात आणखी किती तळ्यांना असले जुने दोर आहेत? ते सगळे आजच बदलायला सांग.

आईला नमस्कार. धाकटीला मनातून काढू नका.
तुझी,
विजयमाला


मंद्रूप, १० जून २०२५

चि. विजयमाला हिस, अ. उ. आशीर्वाद.

पत्र आईला वाचून दाखवलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, मशिनला काय कळतंय, तळं बुजवीन म्हणला हुता त्यो, माझ्या कानानं ऐकलंय की. मग उठून शेरडांना पाणी पाजायला गेली. मामांनाही फोनवर सांगितलं, त्यांनी नुसतं बरं म्हणून फोन ठेवला.

शेजारच्या मळ्यातल्या चनबसप्पाला तुझा निरोप सांगितला तर तो हसला. पण त्यानं आपल्या तळ्यावर जाऊन दोर दोन्ही हातांनी ओढला आणि तो तिथंच तुटला. त्याची नातवंडं त्या तळ्यात पोहतात. त्याच दिवशी त्यानं नवा दोर आणून बांधला. आता लोक दोर बदलतायत.

काल धुळाप्पाकडं गेलो. डावा डोळा गेला. खाटेजवळ बसून तुझं पत्र वाचलं, सुई, साल, भेगा, सगळं. तो छताकडं बघत ऐकत होता. संपल्यावर म्हणाला, मी कापला न्हाय हे तुला सुईनं सांगाय लागलं व्हय, जोत्या? पैल्याच दिवशी मी सांगितलं हुतं की.

तुझी मेंढरं मी बघतोय, घरी कधी येतोस, असं विचारलं. म्हणाला, हितनं सुटलो की बायकापोरं घिऊन इंडीला, सासुरवाडीला जाणार. मंद्रूपला न्हाय. मग भिंतीकडं तोंड करून निजला. मी दार लावून घेईपर्यंत वळला नाही.

तुझं प्रेम आमच्यावर राहू दे, आम्हाला ते लागणार आहे.
तुझा,
जोतिराम