रडणाऱ्याला पाणी

बाई, आज मी एका मुलीचं प्रमाणपत्र अडवलं. मुलगी किरनापूरची, माझ्याकडे गेस्टाल्ट मानसोपचाराच्या शिक्षणाचं शेवटचं वर्ष. नियमाप्रमाणे सगळं केलेलं, आधी स्वतः उपचार घेतले, मग देखरेखीखाली लोकांना भेटली. आज माझ्यासमोर राजेगावचे एक काका गेलेल्या बायकोबद्दल बोलता बोलता रडू लागले, तर ही पटकन उठून पाणी घेऊन आली. काकांनी घोट घेतला, डोळे पुसले आणि धानाच्या रोवणीवर बोलू लागले. बायको राहिली बाजूला.

मला तुमच्या बालाघाटच्या घरातली मागची खोली आठवली. आम्ही शिकणारे गोल करून बसलोय, एक मैत्रीण रडतेय आणि मी तुमच्या स्वयंपाकघरातल्या माठाकडे धावतेय. तुम्ही माझ्या हातातला पेला काढून खिडकीत ठेवता. "पाणी तिले पाह्यजे होतं, का तुले?" मी चिडून म्हणते, आमच्या घरी रडणाऱ्याला आधी पाणीच देतात. "हौ, माह्या बी घरी देतेत. म्हणून त कोणाचंच रडणं पुरं होत नाही." तुम्ही मला आणखी वर्षभर थांबवलंत. मी फुगून बसले होते, आणि तुम्ही दर वर्गानंतर मला ओट्यापाशी बसवून चहा पाजत होतात, जणू काही झालंच नाही. तो चहा फार गोड असायचा. आता तसा कोणी करत नाही.

"मॅडम, पानी पिलाने में क्या ग़लत है?" मुलीने विचारलं. तुमचंच वाक्य मी हिंदीत सांगितलं, पण ते कोरडं वाटलं. ती निघून गेली. चहाचं मला सुचलंच नाही. माझ्या कामावर देखरेख करणारे एक डॉक्टर आहेत, भले आहेत, पण अडले की मी मनातल्या मनात तुम्हालाच विचारते. माझं बरोबर होतं का, बाई?

हे पत्र कुठे पाठवणार? एक सांगायचं राहिलंय. तुम्ही गेलात त्या दिवशी मी तुमच्या ओट्यापाशी रडत होते. तुमच्या बहिणीने माठातलं पाणी माझ्या हातात दिलं आणि मी ते गटागटा प्याले. सगळ्यांना बरं वाटलं. मलाही वाटलं. तेव्हापासून तुमच्यासाठी मला रडताच आलं नाही. आत्ता लिहिता लिहिता डोळे भरलेत, आणि उठून पाणी आणावंसं वाटतंय. बसून आहे.